कोणतं वेल्डिंग आधी शिकावं?

घरच्या कामासाठी, हौस म्हणून वेल्डिंग शिकू पाहणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं आली आहेत. सगळ्यांचा मूळ प्रश्न एकच आहे, पण प्रत्येकाची जागा, वीज आणि जोडायची वस्तू वेगळी. म्हणून उत्तरंही वेगळी आहेत. त्यांत तीन पद्धती वारंवार येतात: आर्क म्हणजे रॉडचं वेल्डिंग, मिग म्हणजे रिळावरून आपोआप येणाऱ्या वायरचं, आणि टिग म्हणजे टंगस्टनच्या कांडीने धातू वितळवून त्यात फिलर, म्हणजे भरावाची वेगळी कांडी, हाताने देण्याचं.

प्रश्न : बंगल्यामागे पत्र्याची शेड आहे. कुंड्यांचे स्टँड, बाकडं, मागचं छोटं फाटक असं स्वतः करायचंय. दुकानदार म्हणतो, थ्री-इन-वन मशीन घ्या, आर्क, मिग, टिग तिन्ही होईल. व्हिडिओत सगळे मिग सोपं म्हणतात. सुरुवात कशाने करू?
— बँक कर्मचारी, नाशिक

तुम्ही लिहिलेलं सगळं काम साध्या एमएसचं, म्हणजे माइल्ड स्टीलचं आहे. अँगल, पट्टी, स्क्वेअर पाइप. जाडी दीड ते सहा मिमी. शिवाय काम उघड्या शेडमध्ये, म्हणजे वारा आलाच. अशा कामाला आर्क वेल्डिंग, म्हणजे रॉडचं वेल्डिंग, आधी शिका. रॉडवरचं कोटिंग जळून स्वतःच गॅसचं आवरण करतं, त्यामुळे सिलिंडर लागत नाही आणि वाऱ्याने फारसं बिघडत नाही. थोडा गंज, थोडी मळी असलेलं भंगारातलं लोखंडही रॉड चालवून घेतो. मिगला ते खपत नाही, टिगला तर अजिबात नाही. रॉड कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, मशीनमध्ये बिघडण्यासारखं थोडं असतं, आणि लांबवरचं काम असेल तर फक्त केबल ओढत न्यायची.

मिग शिकायला सोपं आहे हे खरं आहे. ट्रिगर दाबला की वायर आपोआप येते, स्लॅग (रॉडचं कोटिंग वितळून वेल्डवर बसणारी काचेसारखी साल) झाडावा लागत नाही, तासाभरात देखणी वेल्ड पडायला लागते. अडचण या देखणेपणातच आहे. मिगमध्ये करंट कमी पडला तरी वायर वितळून पट्टीवर छान बसते. वरून नीट दिसते, पण आतला धातू एकमेकांत मिसळलेलाच नसतो. रॉडच्या बाबतीत बिघडलेलं बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतं: रॉड चिकटतो, मणी (वेल्डची ओळ) ओबडधोबड होतो, स्लॅग अडकतो. नवशिक्याला चूक दिसणं महत्त्वाचं असतं.

थ्री-इन-वन मशीन वाईट नाही. दोन गोष्टी तपासा. एक, त्यातलं टिग बहुतेक वेळा फक्त डीसी असतं. त्यावर लोखंड आणि स्टेनलेस होतं, ॲल्युमिनियम होत नाही. दोन, मिगसाठी सिलिंडर, रेग्युलेटर आणि वायरचं रीळ हा वेगळा खर्च आहे. पहिलं वर्षभर तुम्ही आर्कच वापरणार असाल तर २०० अँपिअरचं साधं इन्व्हर्टर मशीन (बॅटरीवालं नव्हे, इलेक्ट्रॉनिक वेल्डिंग मशीन) पुरेल. ते चार-सहा किलोंचं, खांद्याला अडकवून नेता येणारं असतं. फॅब्रिकेशनवाल्यांकडे दिसतं ते तेलाचं जड मशीन जुनं आणि दणकट, पण त्यातली बरीच मशीनं दोन फेजवर चालतात आणि घरी ती वीज नसते.

जाणकारांत एक मतप्रवाह असा आहे की आधी टिग किंवा गॅसच्या ज्वालेचं वेल्डिंग शिकावं, कारण वितळलेल्या धातूचं डबकं सगळ्यात स्वच्छ तिथे दिसतं आणि हात शिस्तीचा होतो. कारण बरोबर आहे. पण एका हाताने टॉर्च, दुसऱ्याने फिलर आणि पायाने करंट हे सांभाळता सांभाळता बहुतेक हौशी मंडळी महिनाभरात मशीन झाकून ठेवतात. फाटक तसंच राहतं.

प्रश्न : पहिले काही आठवडे सराव नेमका कसा करायचा? माझा रॉड दर वेळी चिकटतो.
— कॉलेज विद्यार्थी, सांगली

५ किंवा ६ मिमी जाडीची, ४० किंवा ५० मिमी रुंद एमएस पट्टी घ्या आणि तिचे १५० मिमीचे तुकडे करा. पातळ पाइपवर सुरुवात करू नका. तिथे भोक कुठे पडतं हेच शिकणं होतं. रॉड ई ६०१३ प्रकारचा, २.५ मिमी जाडीचा, ३५० मिमी लांबीचा. दुकानात याला १२ नंबर म्हणतात. १० नंबर म्हणजे ३.१५ मिमी, ८ नंबर म्हणजे ४ मिमी. नंबर वाढला की रॉड बारीक, हे ध्यानात ठेवा, नाहीतर चुकीची पेटी घरी येते.

करंट ७५ ते ८० अँपिअरवर ठेवा. डीसी मशीनवर होल्डर, म्हणजे रॉड पकडणारा चिमटा, प्लसला लावा की मायनसला, ६०१३ दोन्हीकडे चालतो. सरावाला मायनस ठेवा. अर्थ क्लॅम्प पट्टीच्या घासून चकचकीत केलेल्या जागी लावा. रंगावर किंवा गंजावर लावलेला क्लॅम्प हे रॉड चिकटण्याचं एक मोठं कारण आहे, आणि लोक मात्र मशीनला दोष देतात.

आता चिकटण्याबद्दल. रॉड ठोकून पेटवू नका. काडीपेटीवर काडी ओढतो तसा पट्टीवर ओढा, ठिणगी पडली की लगेच २-३ मिमी उचला आणि तिथेच धरा. उचलायला उशीर झाला तर चिकटतो, जास्त उचलला तर विझतो. चिकटलाच तर मनगटाने डावी-उजवीकडे झटका द्या. तरी सुटला नाही तर होल्डरची पकड सोडा. लाल झालेला रॉड ओढत बसू नका. एकदा वापरलेल्या रॉडच्या टोकावर स्लॅगची टोपी बसलेली असते, तो पुन्हा पेटत नाही. काँक्रीटवर किंवा कानसीवर टोक घासून घ्या. ८० अँपिअरवरही सारखाच चिकटत असेल तर ८५-९० करून बघा. लांब, बारीक एक्स्टेन्शन वायरमुळे मशीनला पुरेसा व्होल्टेज मिळत नसेल, तेही तपासा.

मणी ओढताना रॉडचं वरचं टोक चालायच्या दिशेला १५ अंश कललेलं हवं. म्हणजे रॉडचं तोंड मागे, डबक्याकडे. ज्वालेकडे बघू नका, तिच्या मागे तयार होणाऱ्या डबक्याच्या मागच्या कडेकडे बघा. तिथे दोन गोष्टी एकत्र दिसतात. वितळलेला धातू स्थिर आणि गुळगुळीत असतो, आणि त्याच्यावर मागून चढत येणारा स्लॅग पातळ, वळवळणारा. त्या दोघांमधली रेषा सतत रॉडच्या मागे राहिली पाहिजे. स्लॅग रॉडच्या पुढे पळाला की तो मण्याखाली गाडला जातो. तेव्हा थोडा वेग वाढवा किंवा रॉड आणखी कलता करा. हे दोन पदार्थ वेगळे ओळखता यायला सात-आठ रॉड तरी जातात. त्याआधी सगळं एकच लखलखाट दिसतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

एका १२ नंबर रॉडमधून साधारण १८ ते २२ सेंमी मणी निघावा, आणि त्याला मिनिटभर लागतं. १० सेंमीतच रॉड संपला तर तुम्ही हळू आहात. मणी ढिगासारखा उंच होईल. ३० सेंमी गेला तर घाई आहे, मणी दोरीसारखा बारीक आणि मधे टोकदार होईल. मण्याच्या दोन्ही कडांना खाच पडली असेल तर तो अंडरकट: करंट जास्त किंवा आर्क लांब, म्हणजे रॉड पट्टीपासून दूर. मणी पट्टीवर ठेवल्यासारखा, कडा न मिसळलेल्या, तर करंट कमी. आजूबाजूला खूप शिंतोडे उडाले तर बहुधा रॉड लांब धरला आहे. शेवटचे ५० मिमी जाळू नका, होल्डर तापतो.

सरळ मणी नीट पडू लागले की दोन पट्ट्या टी आकारात उभ्या करून एकाच बाजूने वेल्ड करा. थंड झाल्यावर पाया व्हाइसमध्ये पकडा आणि उभ्या पट्टीला वेल्ड नसलेल्या बाजूने हातोडी घाला, म्हणजे ती वेल्डच्या अंगावर पडेल आणि वेल्डचं मूळ उघडं होईल. पट्टी वाकली आणि वेल्ड टिकली तर उत्तम. तुटली तर तुटलेली कड बघा. कोपऱ्यात पट्टीची मूळची सरळ धार तशीच दिसत असेल तर आत धातू मिसळलाच नव्हता. काळे, काचेसारखे कण दिसले तर अडकलेला स्लॅग. बारीक गोल छिद्रं दिसली तर ओला रॉड, रंग किंवा तेल. असे दहा टी तोडून पाहा. शंभर व्हिडिओंपेक्षा ते जास्त शिकवतात. मिगवर गेलात तरी हीच परीक्षा घ्या.

प्रश्न : घरच्या विजेवर मशीन चालेल का? एमसीबी पडतो अशी तक्रार ऐकली आहे.
— गृहिणी, सोलापूर

चालेल, पण हिशोब करून. ८० अँपिअरवर वेल्डिंग करताना आर्कवर साधारण २३ व्होल्ट असतात, म्हणजे १.८ किलोवॉटच्या आसपास. मशीनमधली घट आणि पॉवर फॅक्टर धरला की भिंतीतून १३-१४ अँपिअर ओढले जातात. म्हणजे १६ अँपिअरच्या सॉकेटवर १२ नंबर रॉड चालतो. १० नंबर रॉड १२०-१३० अँपिअरवर जाळायला गेलात तर भिंतीतून २०-२४ अँपिअर ओढले जातात, आणि मग १६ चं सॉकेट तापतं. त्यासाठी मीटरपासून वेगळी ४ चौरस मिमी तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी टाकून घ्या. एमसीबी 'सी' प्रकारचा हवा. घरात सर्रास असलेला 'बी' प्रकारचा सुरुवातीच्या झटक्यातच पडतो. वीजबिलावरचा मंजूर भारही बघून घ्या. पाणी तापवण्याचा गीझर आणि वेल्डिंग एकत्र नको.

एक्स्टेन्शन २.५ चौरस मिमीची, १५-२० मीटरपर्यंत, आणि पूर्ण उलगडलेली. रिळावर गुंडाळलेली वायर आतून तापून वितळते. अर्थिंग खरं आहे की नुसती तिसरी पिन आहे, हे इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या.

मशीनवर २०० अँपिअर लिहिलं असलं तरी शेजारी ड्युटी सायकल काय लिहिली आहे ते वाचा. २०० अँपिअर, ३० टक्के याचा अर्थ दर दहा मिनिटांत तीनच मिनिटं. ८० अँपिअरवर हा प्रश्न फारसा येत नाही.

पावसाळ्यात ओल्या जमिनीवर, ओल्या चपलेने काम करू नका. इन्व्हर्टर मशीनच्या होल्डरवर आर्क नसतानाही ६० ते ८० व्होल्ट असतात. कोरड्या हाताला ते बहुधा जाणवणार नाहीत, घामाने किंवा पावसाने ओल्या झालेल्या हातमोज्यातून जाणवतील. पायाखाली लाकडी फळी किंवा रबरी मॅट, आणि रॉड बदलताना हातमोजा घातलेलाच.

प्रश्न : २५ बाय २५ चा स्क्वेअर पाइप घेतला, जोडताना भोकं पडतात. रॉड बदलू की मशीन?
— शेतकरी, बारामती

आधी पाइपची जाडी मोजा. बाजारात १८ गेज म्हणजे १.२ मिमी आणि १६ गेज म्हणजे १.६ मिमी असा सरळ हिशोब आहे, पण प्रत्यक्षात माल त्याहून पातळ निघतो. १.६ ला १२ नंबर रॉड ५५-६० अँपिअरवर जमतो. १.२ ला २ मिमीचा रॉड, ४० ते ५० अँपिअर.

फटच ठेवू नका. भोकं पडण्यामागे बहुतेक वेळा वाकडा कापलेला पाइप असतो; कटिंग व्हीलने कापून कानसीने गुण्यात बसवा, फटीत कागद जाता कामा नये. मग चारही कोपऱ्यांना टाके, म्हणजे जोड जागेवर धरणारे छोटे वेल्ड, मारा. जोड उभा करता आला तर वरून खाली ओढत या: वेग आपोआप वाढतो आणि उष्णता कमी शिरते. जोर पडणाऱ्या जागी ही पद्धत नको, स्टँड-शेल्फला चालते. सलग ओढण्यापेक्षा दीड-दोन सेंटिमीटर ओढा, सोडा, लाली गेली की पुढे.

अजून एक जागा अडखळायची. इन्व्हर्टर मशीनला 'हॉट स्टार्ट' असतो: रॉड पेटताना क्षणभर करंट जास्त येतो, चिकटू नये म्हणून. पातळ पाइपवर तोच क्षण भोक पाडतो. बटण असेल तर कमी करा, नसेल तर आर्क आधीच मारलेल्या टाक्यावर पेटवा आणि मग जोडावर या.

एवढं करूनही १.२ मिमीचं काम भरपूर असेल तर मात्र तुमची दुसरी प्रक्रिया मिग असावी.

प्रश्न : जुनी जीप दुरुस्त करतोय. तळाचा पत्रा बदलायचाय. मिग गॅसवालं घ्यावं की बिनगॅसचं?
— वाहनप्रेमी, कोल्हापूर

पत्रा ०.८ ते १ मिमी असणार. तिथे रॉड विसरा, आणि बिनगॅसची फ्लक्स-कोअर (पोटात कोटिंगसारखी पूड भरलेली) वायरही दुसरी निवड. ती वायर आर्कसारखीच स्लॅग करते, वाऱ्यात चालते, शेताच्या गेटला छान. पण उष्णता आणि शिंतोडे जास्त, पातळ पत्र्यावर हात घट्ट लागतो. गॅसवालं घ्या. ०.८ मिमी ईआर ७०एस-६ वायर, साधारण ५० ते ७० अँपिअर, वायर नळीबाहेर १० मिमी.

आपल्याकडे याला सगळे सीओटू वेल्डिंग म्हणतात, कारण वर्कशॉपमध्ये शुद्ध कार्बन डायऑक्साइडच वापरतात. स्वस्त आहे, आत चांगला शिरतो, पण शिंतोडे उडवतो. पातळ पत्र्याला आर्गॉनमध्ये १५ ते २० टक्के सीओटू मिसळलेला गॅस जास्त मवाळ. शुद्ध सीओटू घेतलात तर रेग्युलेटरला हीटर हवा, नाहीतर सतत वापरात तो गोठून गॅस अडतो. मिनिटाला १० ते १२ लिटर पुरेत. आणि डोक्यावरचा पंखा बंद. उकडत असतं, पंखा चालू राहतो, मण्यात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं पडतात आणि माणूस सिलिंडरवाल्याला फोन करतो.

पत्र्यावर सलग मणी ओढू नका. २५-३० मिमी अंतरावर ठिपके द्या, एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला, हाताला सोसेल इतकं थंड होऊ द्या, मग मधल्या जागा भरा. घाई केली की पत्रा लाटेसारखा उठतो आणि तो पुन्हा बसत नाही. पेट्रोलची टाकी शेजारी असेल तर आधी उतरवून बाहेर ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफ असते.

पुढे कधी बिनगॅसची वायर लावलीत तर मशीनच्या आतली पोलॅरिटीची तार बदलायला विसरू नका. साध्या वायरला टॉर्च प्लसवर, बिनगॅसच्या वायरला मायनसवर. 'वायर खराब आहे, नुसती उडते' अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ ती एक तार असते.

प्रश्न : मला स्टेनलेसचे रॅक आणि ॲल्युमिनियमची सायकल-फ्रेम करायची आहे. थेट टिग शिकलं तर?
— संगणक अभियंता, पुणे

तुमच्या बाबतीत थेट टिग शिकणं योग्य आहे. जोडायची वस्तूच तशी आहे. फक्त दोन्ही धातू एका मशीनवर होत नाहीत हे पैसे देण्याआधी समजून घ्या.

स्टेनलेसला डीसी, टॉर्च मायनसवर. १.६ मिमी टंगस्टन, सोनेरी किंवा निळ्या टोकाचं लँथनमचं. लाल टोकाच्या थोरियमच्या कांडीची घासताना उडणारी धूळ किरणोत्सारी असते, ती हौशी माणसाने घेऊच नये. टंगस्टन घासताना चरे लांबीच्या दिशेने. दीड मिमी पत्र्याला ५० अँपिअरच्या आसपास, आर्गॉन मिनिटाला ६ ते ८ लिटर. ३०४ प्रकारच्या स्टेनलेसला ईआर ३०८एल फिलर. स्टेनलेस साध्या लोखंडापेक्षा दीडपट प्रसरण पावतं आणि उष्णता फार हळू पुढे नेतं, म्हणून वाकतं. टाके जवळजवळ मारा. नळी जोडत असाल तर आतूनही आर्गॉन भरा, नाहीतर मागची बाजू काळी, खरखरीत होते आणि तिथूनच गंजते. मणी फिक्या सोनेरी रंगाचा आला तर ठीक. करडा आला तर उष्णता फार झाली किंवा गॅस लवकर बंद झाला.

ॲल्युमिनियमला एसी टिग लागतं. धातू ६६० अंशांना वितळतो, पण त्याच्या अंगावरचा ऑक्साइडचा थर २००० अंशांच्या वर. एसीच्या एका अर्ध्या फेऱ्यात तो थर उडतो, दुसऱ्या फेऱ्यात उष्णता आत जाते. डीसी मशीनवर ती सफाई होत नाही, डबकं कातडीखाली राहतं आणि एकदम खाली ओघळतं. एसी-डीसी मशीन डीसीपेक्षा बरंच महाग.

सायकल-फ्रेम मात्र पहिल्या वर्षात नको. फ्रेममध्ये सर्रास वापरतात त्या ६०६१ मिश्रधातूची ताकद वेल्डशेजारी बरीच कमी होते आणि ती पुन्हा उष्णता-प्रक्रिया करूनच परत येते. चालत्या सायकलचा जोड तुटला तर दात जातात.

मोठ्या ७ घनमीटरच्या आर्गॉन सिलिंडरचा हिशोब सोपा आहे: मिनिटाला १० लिटरने ७०० मिनिटं, म्हणजे साडेअकरा तासांचा आर्क. हौशी माणसाला महिनोन्‌महिने पुरतो, गळती नसेल तर. दर वेळी काम संपलं की सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा.

प्रश्न : फ्लॅटमध्ये राहतो. बाल्कनीत लहानसं काही करता येईल का?
— वाचक, ठाणे

आर्क तिथे नको. अतिनील प्रकाश समोरच्या खिडकीतल्या मुलांच्या डोळ्यांत जातो, ठिणग्या खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. ठिणगी दहा मीटरपर्यंत जाते.

तुमच्यासाठी ब्रेझिंग आहे, आणि ते दुय्यम समजू नका. मूळ धातू न वितळवता फिलर वितळवून फटीत खेचून घ्यायचा. तांबं तांब्याला जोडायला एसी दुरुस्तीवाले वापरतात ती तांबं-फॉस्फरसची कांडी. ७१० ते ८०० अंशांत वाहते, तांब्यावर फ्लक्सही (धातू स्वच्छ करणारा लेप) लागत नाही. ती लोखंडाला वापरू नका, जोड ठिसूळ होतो. पितळ, लोखंड, स्टेनलेसला चांदीची कांडी आणि तिचा फ्लक्स; कॅडमियम नसलेली मागा. फट कागदाच्या जाडीएवढी, ०.१ मिमीच्या आसपास. ज्वाला कांडीवर धरू नका, वस्तूवर धरा. वस्तू पुरेशी तापली की कांडी स्पर्शानेच वाहते. लहान कामाला छोट्या डब्याची ब्यूटेन टॉर्च पुरते. घरगुती १४.२ किलोचा एलपीजी सिलिंडर फक्त स्वयंपाकासाठी असतो, त्याला टॉर्च जोडणं बेकायदा आहे.

प्रश्न : गॅस वेल्डिंग अजून शिकण्यासारखं आहे का?
— निवृत्त शिक्षक, चिपळूण

हाताला उत्तम वळण लागतं, आणि त्याच सामानावर कापणं, तापवून वाकवणंही होतं. पण घरी ॲसिटिलीन ठेवणं आम्ही सुचवणार नाही. हा वायू १ बारपेक्षा जास्त दाबाने वापरला तर स्वतःहून स्फोट पावू शकतो, सिलिंडर उभाच ठेवावा लागतो, फ्लॅशबॅक अरेस्टर नसेल तर ज्वाला मागे फिरते, आणि ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला लागलेला ग्रीसचा थेंब पेट घेतो. शिकायचंच तर आयटीआयमध्ये किंवा एखाद्या वर्कशॉपमध्ये, त्यांच्या सामानावर.

प्रश्न : वेल्डिंग केल्याच्या रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं. गल्लीतला फॅब्रिकेटर बटाट्याची चकती ठेव म्हणाला. आणि जीआय पाइपच्या धुराला दूध प्यावं का?
— वाचक, नांदेड

पहिला प्रकार आर्कच्या प्रकाशाने बुबुळाचा वरचा थर भाजल्याचा. लगेच कळत नाही, सहा ते बारा तासांनी रात्री सुरू होतो, एक-दोन दिवसांत बहुधा बरा होतो. थंड पाण्याची पट्टी ठेवा, डोळे चोळू नका, डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. बटाटा किंवा दूध डोळ्यात घालू नका, जंतुसंसर्ग होतो. सुन्न करणारे थेंब स्वतःच्या मनाने वारंवार घालणं त्याहून वाईट. पुढे १२ नंबर रॉडला १० किंवा ११ नंबरची काच, शक्यतो आपोआप काळी होणाऱ्या हेल्मेटची. टाके मारताना डोळे मिटून घेण्याची जी सवय आहे तिनेच बहुतेकांचे डोळे भाजतात. पापणी मिटेपर्यंत प्रकाश आत गेलेला असतो.

जीआय पाइपवर जस्ताचा मुलामा असतो. जस्त ९०७ अंशांना उकळतं, आर्क त्याच्या कितीतरी पट गरम. तो पांढरा धूर नाकात गेला की काही तासांनी हुडहुडी, ताप, तोंडाला धातूची चव. दुधाने यात काही होत नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंनी ५ सेंमीपर्यंत जस्त ग्राइंडरने काढा, ते करतानाही मास्क लावा, आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा. काढलेल्या जागी नंतर झिंक प्रायमर. किनाऱ्याजवळच्यांनी हे टाळूच नये, पहिला पावसाळा तिथेच लागतो.

प्रश्न : ७०१८ रॉड जास्त मजबूत असतो म्हणतात. तोच वापरू?
— वाचक, बेळगाव

पेटी उघडल्यापासून तो हवेतली ओल पितो, आणि मग त्याच्या मजबुतीला अर्थ राहत नाही. वाळवायला ३०० ते ३५० अंश तापमान एक-दोन तास लागतं. घरच्या ओव्हनच्या आवाक्याबाहेरचं. ६०१३ ओलावला तर १०० ते १२० अंशांवर तासभर पुरे. स्टँड, फाटक, बाकडं यांना ६०१३ भरपूर मजबूत आहे. जीना, गॅलरीचा आधार, गाडीची चासी अशी माणसाचा जीव ज्यावर उभा राहतो ती कामं हौशी माणसाने कोणत्याही रॉडने करू नयेत.

प्रश्न : आयटीआयचा कोर्स करावा लागेल का?
— नोकरदार, नगर

हौसेसाठी नाही. वेल्डरचा ट्रेड एक वर्षाचा आहे आणि तो रोजगारासाठी आखलेला आहे. त्याऐवजी ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे चार-पाच रविवार बसायची परवानगी मागा, स्वतःची पट्टी आणि स्वतःचे रॉड घेऊन जा, आणि तुटलेले टी त्याला दाखवा. हेल्मेटही स्वतःचंच न्या. त्याच्याकडचं बहुधा हातात धरायचं असतं आणि काचेला तडा गेलेला असतो.